उजव्या खणातल्या सोबतिणी

डबा म्हटलं की तुम्हाला भूक लागते, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, माझ्या बाबतीत तेवढं आवरा. मी जुना पत्र्याचा डबा आहे खरा, मला झाकण आहे, कातडी पट्टा आहे, आत खणही आहेत. पण माझ्यात आजवर कुणी बिस्किटाचा तुकडासुद्धा ठेवलेला नाही. ठेवला असता तर मोठ्या बाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. माझ्यातून जिवंत पेशी जायच्या. त्यांची ने-आण करणं हेच माझं आयुष्य होतं.

आता मी लॅबमधल्या उंच कपाटाच्या डोक्यावर बसलेलो आहे. एका बाजूला पाय मोडलेलं स्टूल आहे, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी विसरलेल्या चपलांचं खोकं. स्टुलाशी बोलून पाहिलं, पण ते फार मनाला लावून घेतं. खोकं तर तोंडच उघडत नाही. तेव्हा तुम्ही आलात ते बरं झालं. धूळ झटका आणि बसा.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. बादल्या आणि धुराडी करणारा माणूस तो. मोठ्या बाई, म्हणजे ही लॅब उभी करणाऱ्या शास्त्रज्ञ, त्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला करून घेतलं. भिंती दुहेरी हव्यात, मधे बुचाचा भुसा हवा, म्हणजे ऊब टिकेल. मधोमध गरम पाण्याच्या पिशवीला जागा हवी. आणि पिशवीच्या दोन बाजूंना दोन खण हवेत. पत्रेवाला म्हणाला की एकच मोठा खण करू, काम सोपं होईल. बाई म्हणाल्या, नाही, दोनच. डावा जाणाऱ्यांचा आणि उजवा सोबतीचा. पत्रेवाल्याला काही उमगलं नाही. त्यानं मान डोलावली आणि ठोकाठोकी सुरू केली. मलाही ते बऱ्याच उशिरा उमगलं.

तुम्हाला मात्र आधीच सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. तुमच्या अंगात रक्त ज्या नळ्यांतून धावतं त्या रक्तवाहिन्या. त्यांना आतून पेशींचं अस्तर असतं, कोटाला असतं तसं. त्या अस्तरातल्या प्रत्येक पेशीवर बारीक लव असते, नव्या टॉवेलवर असते तशी, आणि ती लव बरीचशी साखरेच्या रेणूंची असते. चहात घालता ती साखर नव्हे. तिच्या लांबच्या नात्यातली म्हणा. हे रेणू एकमेकांना धरून साखळ्या करतात, साखळ्यांना फांद्या फुटतात, आणि पेशी त्या फांद्या छाटून नीटनेटक्या ठेवते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाहता वाहता ही लव चाचपत जातात. सगळं ठीक लागलं तर पुढे निघून जातात. काही बिनसल्यासारखं लागलं तर तिथंच चिकटून बसतात आणि मग सूज येते.

आता माणसाला कॅन्सरची गाठ झाली की तिच्यावर किरण सोडतात, त्याला लोक शेक म्हणतात. गाठ त्यानं मरते, पण वाटेतल्या रक्तवाहिन्यांवरही ते किरण पडतात. गाठ बरी होऊन वर्षं उलटतात, माणूस ती विसरूनही जातो, आणि मग कधीतरी त्याच जागची रक्तवाहिनी कडक होते, अरुंद होते. असं का होतं, हा मोठ्या बाईंचा प्रश्न होता. त्यांना वाटायचं की उत्तर त्या साखरेच्या लवेत असणार. किरण पडल्यावर पेशीच्या हातून फांद्या अर्धवट छाटलेल्या राहत असतील, आणि पांढऱ्या पेशी नेमक्या त्यांनाच धरून बसत असतील. पण वाटणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं.

दाखवायचं तर पेशींवर किरण सोडायला हवेत. ते यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते होतं शेजारच्या इस्पितळाच्या तळघरात, रोग्यांसाठी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते रिकामं असे, तेवढ्यात आम्ही जायचं. काचेच्या झाकणवाल्या ताटल्यांत पेशी वाढवलेल्या असायच्या. त्या माझ्यात ठेवायच्या, दोन जिने उतरायचे, फरशीचं अंगण ओलांडायचं, मग तळघरातला तो लांबलचक बोळ. तिथं भर उन्हाळ्यातसुद्धा गारठा असे. बोळाच्या टोकाला जाडजूड दार आणि दाराबाहेर एक लाकडी बाक.

डाव्या खणात असायच्या किरणांखाली जाणाऱ्या ताटल्या. उजव्या खणात त्यांच्याच बहिणी, ज्यांच्यावर किरण सोडायचेच नसत. त्यांना बाई सोबतिणी म्हणत. या सोबतिणींनी तोच गारठा सोसायचा, तेच हिसके खायचे, त्याच बाकावर थांबायचं. एवढंच काय, आधी त्यांना आत नेऊन त्याच टेबलावर, त्याच यंत्राखाली ठेवत, तेवढाच वेळ, फक्त यंत्र बंद. मग त्यांना बाहेर आणून डाव्या खणातल्यांना आत नेत आणि यंत्र चालू करत. जाणारीच्या वाट्याला जे जे येतं ते सगळं सोबतिणीच्या वाट्याला यायला हवं, किरण तेवढे सोडून. तरच परत आल्यावर दोघींत जो फरक दिसेल तो किरणांचा म्हणता येईल. नव्या विद्यार्थ्यांना याचा कंटाळा यायचा. बाई त्यांना एकच वाक्य ऐकवायच्या.

"सोबत म्हणजे घरी बसून काळजी करणं नव्हे."

बाईंच्या हाताखाली माझी चांगली वर्षं गेली. त्या मला स्वतः पुसत, पट्ट्याला तेल लावत, पाहुण्यांना माझे दोन खण उघडून दाखवत. मीही थोडा शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस त्या निवृत्त झाल्या. त्यांनी मला ओल्या फडक्यानं पुसलं, झाकण दोनदा उघडून बंद केलं आणि गेल्या. नंतर कितीतरी दिवस दार वाजलं की मला वाटायचं, आल्या. त्या काही आल्या नाहीत.

लॅब आली मास्तरणीकडे. हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती भाताचे चमचे भिंतीला ओळीनं टेकवून त्यांना शिकवायची, म्हणून तिच्या बाबांनी हे नाव ठेवलं आणि ते लॅबपर्यंत येऊन पोचलं. बाईंचीच शिष्या ती. हुशार, तडफदार, हातांना क्षणाची उसंत नाही. घाई मात्र अशी की कोटाची गुंडी लावता लावता जिना उतरायची. अशाच एका घाईत जिन्यावर माझ्या उजव्या खणाची कडी तुटली. खण निसटला आणि सोबतिणी पायऱ्यांवर सांडल्या. तिनं तुकडे गोळा केले, कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी तिनं सोबतिणींना लॅबमधल्या उबदार पेटीतच राहू दिलं. त्यांना काही करायचंच नाहीये, मग उगाच त्यांची फरफट कशाला, असं ती म्हणाली. मित्रांनो, त्यात दुष्टावा नव्हता. थोडी दयाच होती, आणि बाकीची घाई. कडी उद्या बसवू, उद्या बसवू, असं म्हणता म्हणता राहूनच गेली.

माझा उजवा खण रिकामा पडला. मग त्यात हातमोजे आले, चिकटपट्टी आली, संपलेली पेनं आली, एकदा तर कंगवाही आला. सगळं वजन डावीकडे, त्यामुळे मी चालताना एका अंगाला कलायला लागलो. मास्तरीण मनगट वाकडं करून मला धरायची. तिला त्याचीही सवय झाली. आणि बोळात एवढी वर्षं सोबतिणींची सवय असलेला मी एकदम एकटा पडलो. डाव्या खणातल्या ताटल्या घाबरलेल्या असत, त्या काय बोलणार?

पण काम जोरात होतं. मास्तरीण परत आलेल्या पेशींवर एक रंग घालायची. तो रंग अर्धवट छाटलेल्या फांद्यांनाच चिकटतो आणि मायक्रोस्कोपखाली हिरवा चमकतो. किरणांखालून आलेल्या पेशी अशा चमकल्या की तिचा सहकारी, ज्याला सगळे चष्मेवाला म्हणत, तो खुर्चीवरून उठून नाचला. घरी बसलेल्या सोबतिणी मात्र मिणमिणत होत्या. फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. मास्तरणीला शास्त्रज्ञांच्या मोठ्या सभेचं बोलावणं आलं, तेही पहिल्याच दिवशी पहिलंच भाषण. तिचं म्हणणं लोकांना पटलं असतं तर औषध शोधणारे तिनं दाखवलेल्या साखरेच्या मागे लागले असते, आणि लॅबला पुढची कितीतरी वर्षं पैसा कमी पडला नसता. मी टेबलावर बसून हे ऐकत होतो. मी ओरडून सांगितलं असतं की अगं, त्या सोबतिणी माझ्याबरोबर आल्याच नाहीत. पण डब्याला झाकण असतं, जीभ नसते.

त्याच सुमाराला बोळातल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ दिसू लागले. दुपारच्या सुट्टीआधीचे शेवटचे रोगी ते. गळ्याशी गाठ, आवाज खरखरीत. मास्तरीण मला बाकावर ठेवून लगेच लॅबमध्ये पळायची. यंत्रावरच्या ताई त्यांना सवड झाली की मला आत न्यायच्या. त्यांच्या पहिल्या दिवशी तिनं मला ठेवलं, म्हाताऱ्यांचा स्वेटर नीट केला, बाबा बसा हं, आलेच मी, असं म्हणाली आणि गेली. तेव्हा मला कळलं की हे तिचे बाबा. ती आलेच म्हणाली, पण आली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

बाबा आयुष्यभर बस चालवत होते. बाकावर बसायचे तेही सरळ, हात गुडघ्यांवर, समोरच्या भिंतीकडे नजर लावून. एक दिवस त्यांनी माझ्या झाकणावरची चिठ्ठी वाचली, मुलीचं अक्षर ओळखलं आणि हसले.

"तुलाही इथं सोडून गेली वाटतं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. ते माझ्याशी खालच्या आवाजात बोलायचे, कुणी आलं की गप्प व्हायचे. म्हणायचे, माझा सगळा जन्म लोकांकडे पाठ करून गेला, मागे कोण बसलंय, कोण रडतंय, काही कळायचं नाही. आता मी प्रवासी झालोय तर गाडीत दुसरं कुणीच नाही. मी एका अंगाला कललोय हेही त्यांना दिसलं. माल एका बाजूला भरलाय तुझा, असं म्हणत त्यांनी माझ्या तळाखाली घडी घातलेला रुमाल सरकवला. ताई बोलवायला आल्या की ते माझ्या झाकणावर दोनदा टिचकी मारायचे, टण् टण्. कंडक्टरची घंटी. गाडी सोडा. मग उठून आत जायचे. आत काय होतं ते मला माहीत होतं. रोग्याला टेबलावर निजवतात, तोंडा-गळ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा घालून तो टेबलाला चापांनी अडकवतात, म्हणजे मान तसूभर हलू नये. मग सगळे बाहेर पडतात. ताईसुद्धा. जाड दार लागतं आणि माणूस एकटा उरतो.

एक दिवस ताई आल्या, पण बाबांनी टिचकी मारली नाही. आज नको म्हणाले. ताईंनी समजावलं, मधे एकही दिवस सोडायचा नसतो म्हणून सांगितलं. ते मान हलवत राहिले. ताईंनी लॅबमध्ये फोन केला. मास्तरीण धावत आली, धाप लागलेली, आणि आल्या आल्या समजावायला लागली. किरण लागत नाहीत बाबा, कळतही नाहीत, शेक संपलासुद्धा असं होतं, वगैरे. बाबांनी तिला बोलू दिलं. मग ते म्हणाले, "किरणांचं काही नाही गं. ते कळतही नाहीत, खरंय तुझं. हे येणंच अंगावर येतं. हा गारठा, हा बाक, हे एकटं बसणं. मी आत जायच्या आधीच निम्मा झालेला असतो."

मास्तरीण त्यांच्याजवळ बसली, आमच्या दोघांच्या मधे. त्या बाकावर ती पहिल्यांदाच बसत होती. थोड्या वेळानं तिनं आपले हात चोळले. बोटं गार पडली होती. तिच्या हातांवर काटा आला होता आणि छाती अजून धडधडत होती. तिच्यावर तर एकही किरण पडला नव्हता. ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. हळूच माझं झाकण उघडलं, उजवा खण ओढला आणि त्यातले हातमोजे, पेनं, कंगवा बघितला. मला वाटलं, ती आता रडेल. रडली नाही. खण तसाच उघडा राहिला, ती बाबांचा हात धरून दारापर्यंत गेली, आणि ते बाहेर येईपर्यंत दाराशीच उभी राहिली.

लॅबमध्ये परतल्यावर तिनं चष्मेवाल्याला सांगितलं की सगळं पुन्हा करायचं. आपल्या पेशी चमकल्या त्या किरणांनी की बोळातल्या गारठ्यानं आणि हिसक्यांनी, हे आपल्याला माहीतच नाही. चष्मेवाला आधी हसला, मग चिडला. सभा तोंडावर आली आहे, कुणी विचारणार नाही, कितीतरी जण असंच करतात, असं सगळं तो म्हणाला. तिनं ऐकून घेतलं.

"कुणी विचारणार नाही, म्हणूनच मला भीती वाटते," ती म्हणाली. "उद्या कुणीतरी यावर औषध करेल आणि ते माझ्या बाबांसारख्या माणसाला देईल."

तिनं पहिल्या भाषणाचा मान परत केला. माझी कडी बसली, पितळेची, नवी. खण धुतला गेला. आणि इतक्या काळानंतर माझ्या उजव्या खणात सोबतिणी आल्या. त्या दिवशी मी बोळातून सरळ चाललो. सांगायला लाज कसली, मला भरून आलं होतं. मास्तरीण आता बाकावर बसून राहायची. बाबा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मधे ती. बाबा तिला विचारायचे, या बिचाऱ्यांना काही करायचं नाही तर आणतेस कशाला? ती म्हणायची, तुमच्याजवळ मी बसते तशाच या. बाबांना ते पटायचं.

मग निकाल आला, आणि तो गोड नव्हता. बोळातून फिरून आलेल्या सोबतिणीही चमकल्या. किरण न पडताच. ज्या उजेडावर चष्मेवाला नाचला होता, त्यातला निम्म्याहून जास्त उजेड गारठ्याचा आणि हिसक्यांचा होता. मास्तरीण मायक्रोस्कोपला डोळे लावून कितीतरी वेळ बसली. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेच. पण सोबतिणींची चमक वजा केल्यावरही डाव्या खणातल्या पेशींवर थोडी चमक उरत होती. थोडीच, पण दर खेपेला. आणि पांढऱ्या पेशी सोडून पाहिल्या तर त्या किरणांखालून आलेल्या पेशींनाच जास्त चिकटत होत्या. म्हणजे मोठ्या बाईंना वाटत होतं ते खोटं नव्हतं. ते लहान होतं, आणि खरं होतं.

सभेत तिला शेवटच्या दिवशी शेवटी बोलायला मिळालं, लोक पिशव्या आवरत होते तेव्हा. तिनं आधी स्वतःची चूक सांगितली, मग उरलेलं सांगितलं. चष्मेवाला म्हणतो, टाळ्या अगदी जेमतेम पडल्या. पैसा आटला, आणि लॅबमधली माणसं पुढे एकेक करून दुसरीकडे गेली. बरीच टेबलं रिकामी झाली. चष्मेवाला तेवढा राहिला, कुरकुरत.

बाबांचा शेवटचा शेक होता त्या दिवशी मला काही काम नव्हतं. तरी मास्तरणीनं मला घेतलं. बाकावर बसलेल्या बाबांच्या गळ्याची कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती आणि थुंकी गिळतानाही त्यांचा चेहरा पिळवटायचा. ताई आल्या, तेव्हा ते म्हणाले की आता शेवटचंच आहे, पण त्या मुखवट्यात जीव घाबरतो, दार लागलं की वाटतं आपल्याला सगळे विसरले. मास्तरणीनं ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली. आत कुणालाच थांबता येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं माझं झाकण उघडून ताईंना दोन्ही खण दाखवले. काहीच नव्हतं आत, पाण्याची पिशवीसुद्धा नाही. मग तिनं हळू आवाजात काहीतरी विचारलं. ताईंनी थोडा विचार केला आणि हो म्हटलं.

"मला आत येता येत नाही, बाबा," मास्तरीण म्हणाली. "हा येईल."

"येऊ दे," बाबा म्हणाले. "याला इथली सवय आहे."

मला भिंतीशी एका स्टुलावर ठेवलं, टेबलापासून लांब, पण निजल्यावर त्यांना डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसेन असं. निजायच्या आधी बाबांनी येऊन माझ्या झाकणावर टिचकी मारली, टण् टण्. मग मुखवटा आला, चाप लागले. सगळे बाहेर गेले. दार लागलं. यंत्र घुमायला लागलं. मित्रांनो, मी त्या खोलीत आयुष्यभर ये-जा केली होती, पण माणसाजवळ असा कधी थांबलो नव्हतो. मी काही करू शकत नव्हतो. मी नुसता होतो. जाळीआडून त्यांचा डोळा माझ्याकडे लागलेला होता, आणि त्यांचे गच्च आवळलेले हात हळूहळू सैल झाले.

बाबांची गाठ गेली. आवाज खरखरीत होता तो तसाच राहिला. मधे बरीच चांगली वर्षं गेली, आणि मग त्यांच्या गळ्यातलीच एक रक्तवाहिनी अरुंद झाली, आणि त्यात ते गेले. मास्तरणीच्या त्या लहानशा खऱ्या गोष्टीवर आता दुसरीकडेही माणसं काम करत आहेत, असं ऐकतो. औषध अजून झालेलं नाही. बाबांच्या वेळेला ते यायला हवं होतं, असं मला फार वाटतं. तिलाही वाटत असणार.

पुढे लॅबमध्येच एक छोटं यंत्र आलं, कोपऱ्यात मावणारं. बोळातून जायची गरज संपली आणि मी कपाटावर आलो. पण मास्तरीण अजून नव्या मुलांना आधी तेच शिकवते. सोबतिणींनाही यंत्रात ठेवा, दार लावा, तेवढाच वेळ थांबा, फक्त बटण दाबू नका. मुलं कंटाळतात. ती मोठ्या बाईंचं वाक्य ऐकवते आणि बोलताना एकदा वर माझ्याकडे बघते. तेवढ्यावर माझे बरेच दिवस निघतात.

मित्रांनो, माझी धूळ झटका, कडीला तेल घाला, हे मी मागणारच. म्हाताऱ्याचा तेवढा हक्क आहे. पण खरं मागणं दुसरं आहे. तुमच्या घरातलं कुणी अवघड जागी निघालं, तर त्याला गेटापाशी सोडून आलेच म्हणू नका. बरोबर चाला. तोच गारठा तुम्हीही खा. आत जाता येत नसेल, तर दारापर्यंत जा आणि दार उघडेपर्यंत थांबा. आणि कधी असं झालं की तेही तुम्हाला जमत नाही, तर स्टूल घ्या, धड पायांचं बघून घ्या, आणि मला खाली काढा. मी रिकामाच आहे.